वेगवान आउटबोर्ड बोटीसाठी सेटबॅक ब्रॅकेट की जॅकप्लेट : निवड, बसवणी आणि उंची लावण्याची रीत

जॅकप्लेट म्हणजे ट्रान्सम (बोटीची मागची उभी भिंत) आणि आउटबोर्ड मोटर यांच्या मध्ये बसणारी, मोटर मागे नेऊन वर-खाली करू देणारी चौकट. ती लावली की बोट पळते, असा एक सरसकट समज आहे. प्लेट स्वतः काहीच पळवत नाही. ती ट्रान्समच्या मागे दहा ते तीस-पस्तीस किलो वजन टांगते, आणि वर मोटरही मागे ढकलते. वेग वाढतो तो मोटर वर उचलता आल्यामुळे. गिअरकेसचा (मोटरच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाचा) जितका भाग पाण्यातून ओढत न्यायचा, तितका अडथळा. आणि हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. तीस मैलांच्या वेगाला जो गिअरकेस जाणवतही नाही, तोच सत्तर मैलांना नांगरासारखा ओढतो.

मग मागे सरकवायची गरज काय? तळाखालून सुटलेलं पाणी ट्रान्समच्या मागे लगेच थोडं वर उसळतं. मोटर मागे नेली की प्रॉपला (मोटरच्या पाण्यातल्या पंख्याला) त्या चढत्या, तुलनेने शांत पाण्यात काम करायला मिळतं आणि तळाच्या मानाने ती आणखी वर घेता येते. ठोकताळा असा की दर ८ ते १२ इंच सेटबॅकमागे (मोटर ट्रान्समपासून मागे नेलेल्या अंतरामागे) साधारण १ इंच जादा उंची पचते. दुसरा फायदा तरफेचा : प्रॉप मागे गेला की ट्रिमने (मोटरचा कोन आत-बाहेर बदलून) नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उचलायला जोर मिळतो.

त्यामुळे निवडीचा क्रम ठरलेला आहे. मोटर किती वर जाऊ शकते हे आधी पाहायचं, ट्रान्सम किती पेलेल हे त्यानंतर, मग सेटबॅकचे इंच आणि सगळ्यात शेवटी प्लेटचा प्रकार. बहुतेक पैसे वाया जातात ते हा क्रम उलटा धरल्याने.

तीन प्रकार, थोडक्यात

सेटबॅक ब्रॅकेट म्हणजे स्थिर चौकट. मोटर ठरावीक इंच मागे जाते आणि उंची बदलायची तर बोल्ट काढून दुसऱ्या भोकात घालावे लागतात. मोटरच्या ब्रॅकेटवर ही भोकं पाऊण-पाऊण इंचावर असतात. मॅन्युअल जॅकप्लेटमध्ये बोल्ट सैल करून मधला उभा स्क्रू फिरवला की मोटर हवी तेवढी वर-खाली सरकते. मात्र हे बोट उभी असतानाच करायचं. हायड्रॉलिक प्लेट स्टिअरिंगजवळच्या बटणाने धावत्या बोटीत सरकते. तिची चाल सहसा ५ ते ६ इंच असते.

खरेदीआधीची मोजमापं

आहे त्या स्थितीतली बोट आधी कागदावर उतरवा. शांत पाणी, नेहमीचं इंधन, नेहमीची माणसं. जीपीएसवर एकाच पट्ट्यात दोन्ही दिशांना पूर्ण थ्रॉटलने पळवून सरासरी घ्या. वेग, आरपीएम, ट्रिम, पाण्याचा दाब आणि थांबलेल्या बोटीला प्लेनवर यायला (पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरत पळू लागायला) लागलेले सेकंद, या पाच नोंदी पुरतात. यातूनच प्रॉपची स्लिप निघते, म्हणजे खरा वेग सैद्धांतिक वेगापेक्षा किती टक्के कमी भरतो ते. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉपने सिद्धांताने पुढे जायचे इंच, आणि गिअर रेशो म्हणजे प्रॉपच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे :

सैद्धांतिक वेग (मैल प्रति तास) = आरपीएम × पिच ÷ (गिअर रेशो × १०५६)

६००० आरपीएम, २६ इंच पिच आणि १.७५ चा रेशो असेल तर हा वेग ८४.४ मैल येतो. जीपीएसने ७६ दाखवले तर स्लिप सुमारे १० टक्के. चांगल्या स्टेनलेस प्रॉपसह नीट लावलेली वेगवान व्ही-बोट (व्ही आकाराच्या तळाची बोट) ८ ते १२ टक्क्यांत असते. आजच १८-२० टक्के दिसत असतील तर प्लेटचा विचार बाजूला ठेवा; प्रॉप चुकीचा आहे, त्याची पाती खराब झाली आहेत किंवा आतला हब (प्रॉपचा दांड्यावर बसणारा मधला भाग) घसरतो आहे. अशा बोटीची मोटर वर उचलली तर स्लिप वाढेलच.

यानंतर प्रॉपशाफ्ट तळाच्या किती खाली आहे ते मोजा. पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावर उभे आहेत, म्हणून घाई नको.

१. सपाट फरशीवर ट्रेलर लावा आणि पुढचा जॅक वर-खाली करून तळाचा मागचा सरळ भाग, पॅड (तळाच्या मध्यावरची अरुंद सपाट पट्टी) असेल तर पॅड, फरशीला समांतर करा. ट्रान्समपाशी आणि त्याच्या ४ फूट पुढे अशा दोन जागी फरशीपासूनची उंची सारखी भरली पाहिजे.

२. मोटर ट्रिम करून प्रॉपशाफ्टही समांतर आणा. अँटी-व्हेंटिलेशन प्लेटवर (प्रॉपच्या वरच्या आडव्या पात्यावर) डिजिटल कोनमापक ठेवून पॅडवरच्या कोनाशी जुळवणं सोपं जातं.

३. फरशी ते पॅड आणि फरशी ते प्रॉपशाफ्टचा मध्य, ही दोन मापं घेऊन वजाबाकी करा.

साध्या कौटुंबिक व्ही-बोटीवर शाफ्ट ५ ते ६ इंच खाली सापडतो. पॅड असलेल्या वेगवान बोटीवर ३ ते ३.५ इंच ही सुरुवातीची सुरक्षित जागा. तिथून बारीक जुळवणी करत २.५ इंचांच्या आसपास जाता येतं. त्याहून वर गेलं की नेहमीच्या गिअरकेसची बाजूची पाणी ओढायची छिद्रं हवा ओढू लागतात. तिथून पुढे पॅडच्या पातळीपर्यंत जायचं असेल तर पाणी खालून, गिअरकेसच्या नाकातून घेणारा गिअरकेस लागतो. मर्क्युरीचा स्पोर्टमास्टर हे त्याचं ओळखीचं उदाहरण. साध्या गिअरकेसवर नोजकोन (टोकदार नाक) आणि खालची छिद्रं बसवून घेण्याची वाटही आहे. तुमचा शाफ्ट आधीच २.५ इंचांवर असेल आणि गिअरकेस साधाच असेल, तर महागडी हायड्रॉलिक प्लेट तुम्हाला वर जायला जागाच देऊ शकत नाही. तो पैसा आधी गिअरकेसवर आणि प्रॉपवर लावा.

ट्रान्सम : इथे उदार होऊ नका

मोटर २३० किलोची धरा आणि सेटबॅक १० इंच. ट्रान्समच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांत उभं अंतर ८ इंच. नुसती मोटर मागे नेल्याने वरच्या दोन बोल्टांवर मिळून २३० × १० ÷ ८, म्हणजे जवळपास २८८ किलोची जादा ओढ येते, तीही बोट उभी असताना. लाटेवर आपटून तिप्पट धक्का बसला की हाच आकडा साडेआठशे किलोंच्या पुढे जातो. प्रॉपचा रेटाही वरच्या बोल्टांना मागेच ओढतो, पण तो सेटबॅकने वाढत नाही. तो मोटरच्या उंचीवर अवलंबून असतो आणि मोटर वर गेली की उलट किंचित घटतो. वाढतो तो वजनाचा आणि आपटण्याचा ताण. म्हणून खवळलेल्या पाण्यात वापरायच्या बोटीला आणि तळ्यात सरळ पळवायच्या बोटीला एकच हिशेब लावू नये.

तपासणी अशी करा. हातोडीच्या मुठीने ट्रान्सम पूर्ण ठोकत जा. टणक आवाजाच्या मध्येच बोदा आवाज आला तर आतलं लाकूड कुजलंय किंवा थर सुटलेत. जुने बोल्ट काढता येत असतील तर भोकात आतून टोचून पाहा. ट्रान्समच्या आतल्या बाजूने, मागाहून बुजवल्या जाणाऱ्या जागी बारीक बिटने भोक घेतलं तर भुसा कोरडा आणि फिका यायला हवा. काळा, ओलसर लगदा आला तर खेळ तिथेच संपला. मोटर अर्धी वर टिल्ट करा, एकाने स्केग (गिअरकेसच्या तळाचा उभा पंख) धरून वर-खाली दाबावं आणि दुसऱ्याने ट्रान्समच्या वरच्या कडेला सरळ पट्टी लावून पाहावं. कड डोळ्यांना हललेली दिसली, किंवा स्प्लॅशवेलच्या (ट्रान्समच्या पुढच्या, पाणी अडवणाऱ्या कुंडाच्या) कोपऱ्यांत जेलकोटला (फायबरवरच्या बाहेरच्या थराला) चांदणीसारख्या तडा असतील, तर आधी ट्रान्समची डागडुजी. कुजक्या ट्रान्समला जाड बॅकिंग प्लेट लावून वेळ मारून नेता येत नाही. ती प्लेट कुजक्या लाकडाला जोराने दाबते, इतकंच.

किती इंच मागे?

सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाही. १६ फुटांच्या आतल्या, ११५ अश्वशक्तीपर्यंतच्या हलक्या बोटीला ४ ते ६ इंच भरपूर झाले. १७ ते १९ फुटांची पॅड असलेली व्ही-बोट, १५० ते २०० अश्वशक्ती : ६ ते १० इंच. १९ ते २१ फूट आणि २२५ ते ३०० अश्वशक्ती असेल तर ८ ते १२ इंच. ज्या बोटीच्या तळाला मागे खाच देऊन ट्रान्सम मुळातच तळाच्या मागे ठेवला आहे, तिला कारखान्यातूनच सेटबॅक मिळालेला असतो. ती खाच मोजून वजा करा. अशा बोटीला बहुधा ४ ते ६ इंचच लागतात. उथळ पाण्याच्या सपाट तळाच्या बोटीला सेटबॅकपेक्षा उंचीची गरज जास्त, त्यामुळे ४ इंची प्लेटच बरी.

टनेल हल, म्हणजे दोन बाजूंना दोन स्पॉन्सन (अरुंद तळ) आणि मध्ये हवेचा बोगदा असलेली बोट, हा वेगळा प्राणी आहे. तिथे हवेच्या उचलीचं केंद्र आणि वजनाचं केंद्र यांतलं अंतर जपायचं असतं. वजन मागे गेलं की मोठ्या वेगात नाळ वर उचलली जाऊन बोट मागे उलटण्याचा धोका वाढतो. अशा बोटीला हल बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याच्या बाहेर जाऊ नका.

दोन आकड्यांत अडकलात तर लहान घ्या. कमी सेटबॅकचा तोटा म्हणजे एखाद-दोन मैल. जास्त सेटबॅकचा तोटा दर वेळी थ्रॉटल उघडताना भोगावा लागतो : नाळ आकाशात, प्लेनवर यायला उशीर, मधल्या वेगात बोटीच्या पुढे-मागे उड्या आणि अचानक थांबल्यावर मागून पाणी आत.

तोल सांभाळायचा सोपा हिशेब आहे. २३० किलोची मोटर १० इंच मागे म्हणजे २३०० किलो-इंच. हे भरून काढायला ४० किलोच्या बॅटऱ्या साधारण ५८ इंच पुढे सरकवाव्या लागतील, आणि यात प्लेटचं स्वतःचं वजन अजून धरलेलं नाही. पुढे बॅटरी ठेवायला जागा आहे का, केबल किती जाड लागेल, हे प्लेट मागवण्याआधी पाहा. बोट धक्क्याला उभी असताना मागची पाणी निघायची भोकं पाण्याच्या किती वर आहेत तेही मोजा. ती आत्ताच काठावर असतील तर १० इंचांचं नाव काढू नका.

आता एक भूमितीची गंमत, जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. ट्रान्सम सरळ उभा नसतो. वरची कड मागे झुकलेली असते, साधारण १४ अंश. त्यामुळे बाजू ट्रान्समला काटकोनात असलेली प्लेट मोटर मागे नेताना खालीही उतरवते, दर ४ इंचांना जवळपास १ इंच. १० इंची प्लेटवर हा उतार २.४ इंच भरतो. म्हणजे प्लेटच्या ५ इंच चालीतला अर्धा भाग मोटर मूळ उंचीला परत आणण्यातच जाईल. उपाय म्हणजे प्लेट ट्रान्समवर तेवढी वर बसवणं. काही प्लेटांना यासाठी वर जादा भोकं असतात. ती आहेत का, आणि तुमच्या ट्रान्समची वरची कड व स्प्लॅशवेल त्याला जागा देतात का, हे कागदावर आकृती काढून बघा.

स्थिर, मॅन्युअल की हायड्रॉलिक

एकाच प्रकारच्या पाण्यात, एकाच ओझ्याने, शक्य तितक्या वेगाने पळायचं असेल तर मॅन्युअल प्लेट पुरते. ती हलकी असते, तिच्यात ढिलेपणा कमी आणि बिघडायला फारसं काही नसतं. योग्य उंची सापडली की बोल्ट घट्ट करून विसरून जायचं. स्थिर ब्रॅकेट सगळ्यात ताठ, पण तो घ्यायचा तर उंची आधीच माहीत हवी. ती तशी क्वचितच माहीत असते.

हायड्रॉलिक प्लेट तेव्हा घ्यावी, जेव्हा एकच उंची सगळ्या कामांना चालत नाही. ओझं रोज बदलतं, उथळ पाण्यातून निघायचं असतं, किंवा प्लेनवर यायला मोटर खाली आणि पूर्ण वेगाला वर हवी असते. तिची किंमत नुसती पैशांत मोजू नका. सरकत्या प्लेटांमधल्या फटी, पंप, होज, वायरिंग आणि जादा वजन असं सगळं बरोबर येतं. नव्वद मैलांच्या पुढे जाणाऱ्या हलक्या बोटीवर ताठ मॅन्युअल प्लेट ठेवणारे पुष्कळ आहेत, ते उगाच नाही.

प्लेटवर अश्वशक्तीची मर्यादा छापलेली असते. ती बघाच, पण मोटरच्या वजनाची मर्यादाही विचारा. तेवढ्याच अश्वशक्तीची जुनी दोन-स्ट्रोक आणि नवी चार-स्ट्रोक मोटर यांच्या वजनात बराच फरक असतो. धातू ६०६१-टी६ ॲल्युमिनियम, खाऱ्या पाण्यासाठी ॲनोडाइझ केलेलं, बोल्ट स्टेनलेस. सरकत्या भागांत प्लास्टिकच्या घसरपट्ट्या असाव्यात आणि झीज झाल्यावर त्या आवळता किंवा बदलता याव्यात. ज्या प्लेटमध्ये ही सोय नाही ती दोन हंगामांनी खुळखुळू लागते.

बोल्टांचा साचा बहुतेक मोठ्या आउटबोर्डना एकच : वरची दोन भोकं १२ ७/८ इंच (३२७ मिमी) अंतरावर, खालची ९ ७/८ इंच (२५१ मिमी) अंतरावर, बोल्ट अर्धा इंची. तरीही जुन्या ट्रान्समवरची भोकं मोजल्याशिवाय मागणी नोंदवू नका. पूर्वी कोणी तरी हाताने पाडलेली भोकं दोन-चार मिलिमीटरने सरकलेली असतात.

प्लेटबरोबर जे लागतंच

पाण्याच्या दाबाचा गेज. तो नसेल तर मोटर वर उचलूच नका. तापमानाचा अलार्म वाजतो तोवर पंपाचा इम्पेलर कोरडा फिरून गेलेला असतो. नवा इम्पेलरही याच वेळी घाला, म्हणजे दाबाची नोंद विश्वासार्ह राहील.

हायड्रॉलिक स्टिअरिंग. मोटर वर गेली की प्रॉपची वरची पाती उथळ, हवा मिसळलेल्या पाण्यात फिरतात, दोन बाजूंचा जोर असमान होतो आणि चाक एका बाजूला ओढू लागतं. एकेरी केबलच्या स्टिअरिंगमधला थोडासा ढिलेपणा साठ-सत्तर मैलांना बोट एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डोलवतो. त्या डोलण्याला चाइन वॉक म्हणतात आणि ते हाताबाहेर गेलं की बोट माणसाला बाहेर फेकते. किल-स्विचची (चालक जागेवरून फेकला गेला की इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला अडकवणं हे इथे गृहीतच धरलं आहे.

केबल आणि होजची लांबी. इंधनाचा पाइप, वायरिंग हार्नेस, बॅटरीच्या केबल, गिअर-थ्रॉटलच्या केबल, स्टिअरिंगचे होज. सेटबॅकचे इंच अधिक प्लेटची चाल, एवढा जादा ढील प्रत्येकात हवा. १० इंच सेटबॅक आणि ६ इंच चाल असेल तर १६ इंच. कंट्रोल केबल फुटांच्या मापात येतात, म्हणून २ फुटांनी लांब केबल घ्याव्या लागतील. स्टिअरिंगचा सिलिंडर मोटरच्या पुढे बसणारा असेल तर मोटर सगळ्यात खाली, पूर्ण टिल्ट आणि चाक पूर्ण वळवलेलं या स्थितीत तो ट्रान्समच्या कडेला टेकतो का हे बघा.

आणि स्टेनलेस प्रॉप. ॲल्युमिनियमची जाड पाती वर उचललेल्या मोटरवर पाणी धरून ठेवत नाहीत. पात्यांच्या मागच्या कडेला चांगला कप (कडेचा वळवलेला ओठ) असलेला प्रॉप उंचीवरही पकड टिकवतो. बोटीची पिछाडी जड वाटत असेल तर चार पात्यांचा घ्या, तो मागची बाजूही उचलतो.

बसवणी

१. बॅटरी सोडवा. सगळ्या जोडण्यांचे फोटो काढून ठेवा. मोटरच्या वरच्या उचलायच्या कडीला चेन ब्लॉक लावून वजन फक्त पेललं जाईल इतका ताण द्या, मग बोल्ट काढा. कडी नसलेल्या मोटरला कुठेही पट्टा बांधून उचलू नका. मॅन्युअलमध्ये उचलायची जागा दिलेली असते.

२. जुनी भोकं तपासा. ओलसर असतील तर पूर्ण सुकू द्या. लाकडी गाभ्याच्या ट्रान्समला भोक थोडं मोठं करून घट्ट इपॉक्सीने भरायचं आणि वाळल्यावर पुन्हा अर्ध्या इंचाचं पाडायचं. यामुळे पुढे सीलंट सुटलं तरी पाणी लाकडाला शिवत नाही. काम एका दिवसाने लांबतं, पण ट्रान्समचं आयुष्य यावरच ठरतं.

३. प्लेट कोरडी लावून पाहा. मध्यरेषा तळाच्या कीलवरून (मधल्या कण्यावरून) ट्रान्समवर वर आखा. वरच्या कडेच्या मापावर विसंबू नका, मोल्डिंग सारखं असेलच असं नाही. प्लेट ट्रान्समला सगळीकडे टेकली पाहिजे. मध्ये फट असेल तर बोल्ट आवळताना प्लेटची चौकट पिळवटते आणि हायड्रॉलिक असेल तर ती मध्येच अडकते. फट इपॉक्सीच्या पुटीने भरून सपाट करा.

४. आतून किमान ६ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची बॅकिंग प्लेट, कडा गोल केलेली. नुसते मोठे वॉशर हे दुबळं उत्तर आहे. ते लाकडात रुततात आणि महिनाभरात बोल्ट सैल होतात.

५. बोल्टाच्या दांड्याला आणि डोक्याखाली पाण्याखाली चालणारं पॉलियुरेथेन सीलंट लावा, मात्र कायमस्वरूपी चिकटवणारं नको. पुढे कधी प्लेट काढायची वेळ आली तर ते जेलकोटसकट निघतं. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे गंज रोखणारी पेस्ट हवीच, विशेषतः खाऱ्या पाण्यात.

६. आवळताना बोल्ट स्थिर धरून नट फिरवा. बोल्ट फिरला की सीलंटची कडी तुटते. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसावेत. टॉर्क मोटर आणि प्लेट बनवणाऱ्यांनी दिलेला घ्या. मर्क्युरीच्या बसवणीच्या सूचनांत नेहमीच्या ट्रान्समसाठी ७५ न्यूटन-मीटर (५५ फूट-पौंड), तर धातूच्या ट्रान्सम ब्रॅकेट आणि सेटबॅक प्लेटसाठी १२२ न्यूटन-मीटर (९० फूट-पौंड) असे वेगवेगळे आकडे आहेत. प्लेट ते ट्रान्सम आणि मोटर ते प्लेट या दोन जोडांना डोळे झाकून एकच आकडा लावणं ही नेहमीची चूक.

७. हायड्रॉलिक पंप बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी, पाणी साचणाऱ्या पोकळीत) बसवत असाल तर साचणाऱ्या पाण्याच्या वर ठेवा. ब्रेकर बॅटरीजवळ आणि पंपासोबत सांगितलेल्या क्षमतेचाच. तेल भरून प्लेट चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा म्हणजे हवा निघून जाईल, मग पातळी पुन्हा बघा.

८. शेवटी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पूर्ण टिल्ट या सगळ्या टोकांच्या जोड्या करून पाहा. एखादी केबल ताणली जाते ती नेमकी दोन टोकं एकत्र आल्यावर. मग शाफ्टची उंची पुन्हा मोजा आणि प्लेटवर रंगाने किंवा पट्टी चिकटवून खूण करा, म्हणजे पुढे ‘३ इंच खाली’ हे टेप न लावता कळेल.

पाण्यावर उंची लावणं

सुरुवात मुद्दाम खालून, शाफ्ट ३.५ इंच खाली. पहिल्या फेरीत पूर्ण थ्रॉटल नको. वळणं घ्या, थांबा, पुन्हा सुटा. बोटीचा तोल बदललेला असतो आणि हाताला तो शिकावा लागतो. परत आल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

मग दर खेपेला पाव इंच (सुमारे ६ मिमी) वर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उंची बदललेल्या दिवशी प्रॉप बदलायचा नाही. प्रत्येक उंचीला वेग, आरपीएम, दाब आणि स्लिप लिहा. वर जाताना आधी वेग आणि आरपीएम दोन्ही वाढतात. पुढे एक जागा अशी येते की आरपीएम वाढतो पण वेग जागचा हलत नाही. स्लिप चढू लागलेली असते. तिथून पाव इंच खाली या, ती तुमची उंची. दाब अचानक पडला किंवा काटा थरथरू लागला तर वेग वाढत असला तरी थांबायचं. पूर्ण थ्रॉटलला मोटरच्या मॅन्युअलमधल्या किमान दाबाच्या खाली एक क्षणही नको.

हायड्रॉलिक प्लेट असेल तर सुटताना मोटर खाली आणि ट्रिम आत. बोट प्लेनवर आली की आधी ट्रिमने नाळ हवी तेवढी उचला, त्यानंतर प्लेटने मोटर वर. वळणाआधी आणि वेग कमी करण्याआधी उलट क्रम. वर उचललेल्या मोटरने जोराचं वळण घेतलं की प्रॉप हवा पकडतो, आरपीएम एकदम उसळतो आणि बोट घसरते. रिव्हर्समध्ये मोटर कायम खाली, नाहीतर धक्क्याला लागताना नेमकी हवी तेव्हा बोट थांबत नाही.

काय बिघडतं आणि का

सुटताना प्रॉप नुसता गरगरतो आणि बोट पुढे जात नाही : मोटर फार वर, किंवा प्रॉपला पकड कमी. आधी अर्धा इंच खाली या.

मधल्या वेगात बोट उड्या मारते : वजन फार मागे, किंवा ट्रिम फार बाहेर. ट्रिम आत घेऊनही थांबत नसेल तर बॅटऱ्या पुढे हलवा. ट्रिम पूर्ण आत घेऊनही नाळ खाली बसतच नसेल तर मोटर आणि प्लेटच्या मध्ये पाचर लावून तिला आणखी आत झुकवता येतं. पण पाचर हा सेटबॅकच्या चुकीवरचा मलम आहे.

ट्रिम पूर्ण बाहेर, तरी नाळ जड आणि तळ ओला : सेटबॅक कमी पडतोय, पुढे ओझं जास्त आहे किंवा प्रॉप नाळ उचलणाऱ्या जातीचा नाही. यातली शेवटची शक्यता सगळ्यात स्वस्तात तपासता येते, उसना प्रॉप लावून.

सरळ रेषेत साठ-सत्तरला डोलणं सुरू होतं : आधी मोटर हाताने दोन्ही बाजूंना हलवून ढिलेपणा शोधा. तो स्टिअरिंगचे जोड, मोटरचे रबरी माउंट आणि प्लेटच्या घसरपट्ट्या या तीन जागी असतो. तिन्ही घट्ट असतील तर ट्रिम थोडी आत घ्या. थ्रॉटल मात्र झटक्यात सोडू नका; नाळ खाली आपटते आणि बोट गर्रकन फिरू शकते.

ऐंशीच्या पुढे चाक अचानक हलकं पडून बोट एका बाजूला झेपावते : साध्या गिअरकेसभोवतालचं पाणी एका बाजूने सुटलंय. हा गिअरकेसच्या आकाराचा दोष आहे, प्लेट वर-खाली करून तो जात नाही. गिअरकेस बदलेपर्यंत त्या वेगाच्या खालीच राहा.

हायड्रॉलिक प्लेट वर जाते पण हळूहळू खाली उतरते : सिलिंडरचं सील किंवा पंपातला व्हॉल्व्ह. एका बाजूने अडखळत वर जाते : घसरपट्ट्यांत वाळू, किंवा ट्रान्समवर चौकट पिळवटली आहे.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर प्लेट पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशा दोन्ही स्थितींत गोड्या पाण्याने धुवा. एकाच स्थितीत धुतली तर मीठ घसरपट्ट्यांमागेच राहतं. पहिल्या पाच-सहा तासांनी आणि नंतर दर हंगामात बोल्टांचा टॉर्क, स्प्लॅशवेलच्या कोपऱ्यातल्या तडा आणि प्लेटच्या वेल्डिंगची कड बघा. रस्त्यावरून नेताना हायड्रॉलिक प्लेट पूर्ण खाली ठेवा आणि मोटरला ट्रेलरवरून आधाराचा दांडा द्या. दहा इंच मागे लटकलेल्या मोटरला खड्ड्यात बसणारा हिसका लाटेच्या धक्क्यासारखाच त्याच वरच्या दोन बोल्टांवर येतो.